मनकर्णाच्या डाव्या पायाचे माप

मी, देवमन मोतीराम तेलगोटे, वय सदुसष्ट, एसटीच्या आगारातला निवृत्त मेकॅनिक, राहणार अकोट, जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाचा दबाव नाही. छातीतल्या तीन नसा बंद आहेत, येत्या सोमवारी अमरावतीला ऑपरेशन आहे. मला फार भीती वाटते. मृत्युपत्रात असे लिहितात की नाही, ठाऊक नाही. पण खाली सही करायची आहे, म्हणून खरे तेच लिहितो.

१. अकोट येथील माझे स्वकष्टार्जित तीन खोल्यांचे घर आणि बँकेतील ठेव माझी पत्नी मनकर्णा हिच्या पूर्ण मालकीची राहील. मुलगा ललित पुण्याला असतो. आईला घेऊन जाईन म्हणतो, त्याच्या मनात वाईट नाही. पण तो चौथ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट महिन्यातून दहा दिवस बंद असते. तिची इच्छा असल्याशिवाय तिला नेऊ नये.

२. माझा रेडिओ धाकटा भाऊ सूर्यभान याला देईन असे मी बोललो होतो. तो देऊ नये, ललितने घ्यावा. कारण पुढे येईल.

३. शिलाई मशीन. याबद्दल सविस्तर लिहावे लागते.

मनकर्णाच्या डाव्या पायाला तीस वर्षांपासून हत्तीरोग आहे. दवाखान्यातल्या सिस्टरने रोज चालायला सांगितले. लुगडे पायात अडके आणि बाजारातली लेगिंग पोटरीच्या वर चढेना. रिटायर झाल्यावर मी झिगझॅगवाली घरगुती मशीन आणली आणि ताणाच्या कापडाची, एक पाय रुंद आणि एक अरुंद, अशी पँट शिवली. बसचे इंजिन उघडणाऱ्याला हे काय जड, असे वाटले. मी साधी टीप मारली होती. पौर्णिमेला विहारात ती खाली बसली तेव्हा कापड ताणले, धागा ताणला नाही, आणि मांडीपासून गुडघ्यापर्यंत शिवण उसवली. शाल गुंडाळून ती घरी आली. पुढे दोन महिने ती दाराबाहेर पडली नाही.

मग मी कापडाबरोबर ताणला जाणारा ओव्हरलॉक टाका शिकलो. त्याचा कापड दाबून धरणारा फूट वेगळा, सुई गोल टोकाची. कापड ओढायचे नाही, मशीन नेईल तसे जाऊ द्यायचे. आधी चिंधीवर टाका घालून, ती ताणून पाहायची. शिवण मजबूत झाली, पण आतून घासली. कातडीला चीर पडली, पाय लाल झाला आणि आठ दिवस ती तापाने फणफणली. त्या आठ दिवसांची भीती माझ्या अंगातून अजून गेलेली नाही. तेव्हापासून मी शिवण बाहेरच्या बाजूला ठेवतो. सूर्यभानच्या मुलीच्या लग्नात त्याने चारचौघांत म्हटले की वहिनीने पायजमा उलटा घातला, आणि तिला फोटोत मागे उभे केले. रेडिओचे कारण हे.

ऑपरेशनचे कळले तेव्हा मला पहिली भीती वाटली ती हीच, की मी गेलो तर हिला कोण शिवून देईल? चुकीची शिवण घातली तर? म्हणून पहिल्या कच्च्या कागदावर या कलमात मी लिहिले होते की मशीन शेजारच्या आरती इंगळे हिला द्यावी, आणि तिने वर्षाला चार पँटी शिवून द्याव्यात.

तो कागद मनकर्णाने वाचला. म्हणाली, “माह्या पायाची वाटणी तुमी मले न विचारता करून राहिले.”

मी म्हटले, मला भेव वाटते.

“भेव मलेबी वाटून राहिलं. पण मशीन मले पाहिजे.”

ती त्याच दुपारी मशीनवर बसली. पायडल उजव्या, चांगल्या पायाखाली घेतले. मी फूट लावून दिला. ती कापड ओढू लागली तसा मी हात पुढे केला. “हात मांगं घ्या,” म्हणाली. मी मागे उभा राहिलो. पहिली शिवण लाटेसारखी झाली, ती तिने उसवली. दुसरी वाकडी, पण ताणून पाहिली तर टिकली. ती पँट घालून ती दोन दिवस चालली. रोज संध्याकाळी मी बॅटरी लावून तिची पोटरी तपासली. लाली नाही, चीर नाही.

म्हणून आरतीबाबतचा मजकूर मी रद्द करतो. मशीन, सुया, उरलेले कापड आणि कागदी मापे मनकर्णाची. तिने माप बदलले तर कोणी हरकत घेऊ नये.

४. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधेपणाने व्हावा. मनकर्णाला फार वेळ उभे ठेवू नये. तिला पुढे, खुर्चीवर बसवावे.

५. वकील म्हणतात, मृत्युपत्र मेल्यानंतरच लागू होते. मग हे कलम कायद्यासाठी नाही. सोमवारनंतर मी घरी परत आलो, तरी मशीन तिचीच. मला शिवायचे झाले तर मी तिला विचारून बसेन.

भीती अजून आहे. वरील सर्व मजकूर मी वाचला, तिलाही वाचून दाखवला, आणि तो आम्हा दोघांना मान्य आहे.

स्थळ : अकोट
दिनांक : ७ नोव्हेंबर २०२५

(सही) देवमन मोतीराम तेलगोटे

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष वरील सही झाली :
१. (सही) खुशालराव नारायण गावंडे, अकोट
२. (सही) श्याम किसन अंभोरे, अकोट