ओट्याची उंची आणि एक्याऐंशी अंश

दि. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बायको परवा तुझ्याकडे पोचली असेल. भांडून आले असं तिने सांगितलं असेल, तर ते चूक आहे. भांडण झालं नाही. मी तिला फक्त वेळापत्रक दिलं.

मुळापासून सांगतो, कारण ती अर्धवट सांगते. नव्या स्वयंपाकघराचं चित्र मी कॉम्प्युटरवर काढतोय. भिंती, नळ, ओटा, सगळं खऱ्यासारखं. एक चित्र तयार व्हायला दोन तास दहा मिनिटं लागतात. तिने नळ डावीकडे मागितला, की पुन्हा दोन तास दहा मिनिटं. चित्र पक्कं झाल्याशिवाय गवंड्याला बोलवायचं नाही, हा माझा नियम. त्यामुळे गेली तीन वर्षं गवंडी आलेला नाही.

म्हणून प्रोसेसरचा वेग वाढवायचं ठरवलं. कंपनी त्याला एक वेग नेमून देते, पण गोडीगुलाबीने घेतलं तर तो त्याहून जास्त पळतो. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. लोक घाई करतात आणि प्रोसेसर भाजून घेतात. मी वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस. एका वेळी एकच पायरी चढायची, मग तासभर पूर्ण भार द्यायचा, दर पाच मिनिटांनी तापमान वहीत. व्होल्टेजला हात लावायचा नाही. ऐंशी अंशांच्या वर गेलं, की एक पायरी खाली. हे सगळं मी कोणाच्याही पायाशी न बसता शिकलो, हे भावोजींना आवर्जून सांग.

अडचण एवढीच, की मशीनच्या भिंतीपलीकडे आपली शेगडी आहे. तेव्हा चाचणीच्या काळात, म्हणजे दहा ते पाच, शेगडी बंद, इस्त्री बंद आणि खोलीत कोणी तावातावाने बोलायचं नाही, एवढंच मी कागदावर लिहून भिंतीला लावलं. तिने ते वाचलं, पिशवी भरली आणि मशीन थंड झालं की कळवा, असं सांगून निघाली.

आज ७४ अंश. तिला कळवावं. लोभ आहेच, तो आहे त्या तापमानाला टिकावा.

तुझा धाकटा भाऊ


दि. ८ मार्च

चि. मिलिमीटरास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. तुझे भावोजी 'तावातावाने' या शब्दाला इतके हसले, की चहा नाकात गेला. तुझी बायको हसली नाही. स्वयंपाकघराच्या चित्रासाठी स्वयंपाकघरच बंद ठेवणारा माणूस साऱ्या जगात एकच असेल आणि तो नेमका आपल्याच वाट्याला आला, असं तिचं म्हणणं.

लहानपणी दूध किती मिनिटांनी उतू जातं हे बघायला तू घड्याळ घेऊन बसायचास. वेळ बरोब्बर टिपायचास आणि दूध जमिनीवर. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

ती इथे अगदी मजेत आहे, असं लिहायला तिने मला सांगितलंय. पोस्टमन येऊन गेला का, हे दिवसातून दोनदा विचारते ते लिहू नका, असंही सांगितलंय. काल माझ्या टीव्हीमागची धूळ तिने टूथब्रशने काढली. हात शिवशिवत होते म्हणे.

तू जेवतोस काय, ते कळव. तापमान नको. माया होती तेवढीच आहे, मोजायला येऊ नकोस.

तुझी ताई


दि. १४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इथे विपरीतच घडतंय. शेगडी बंद, इस्त्री बंद, बायको नाही, तरी तापमान चढतंय. ७४, ७५, ७७, आज ८१. वेग तोच. खिडकी चोवीस तास सताड उघडी. काल भर चाचणीत कॉम्प्युटरचा पडदा निळा होऊन तो बंद पडला आणि अर्धं स्वयंपाकघर गेलं. चित्रातलं.

मी एकेक कारण वगळत गेलो. समोर सुताराचं दुकान आहे. करवतीच्या उष्णतेचा संशय आला म्हणून दोन दिवस करवत थांबवायची विनंती त्याला केली. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिला वहीत रकाना नाही. मग लक्षात आलं, की माणसाचं अंगही सदतीस अंशांचं असतं. म्हणजे खोलीत उरलेली शेवटची शेगडी मीच! तेव्हापासून मी बाहेर पॅसेजमध्ये बसतो आणि दुर्बिणीतून आकडे वाचतो. खोलीत जावंच लागलं, तर आधी गार पाण्याने आंघोळ करतो. फरक शून्य. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा लेपही नवा लावला, मटारच्या दाण्याएवढा, खरा मटार शेजारी ठेवून.

जेवणाचं विचारलंस. ब्रेड. संध्याकाळी शेगडी पेटवायला मोकळीक आहे, पण भिंत तापेल म्हणून धीर होत नाही.

तिला एवढंच विचार, की निघण्यापूर्वी तिने मशीनला काही केलं होतं का? हा आरोप नाही. नोंद हवी.

सर्दी झालेला, तुझा धाकटा भाऊ


दि. १८ मार्च

चि. मिलिमीटरास,
अ. उ. आ.

विचारलं. आधी रागावली, मग घटाघटा पाणी प्यायली, मग सांगितलं. मशीनच्या पोटाखाली एक जाळी आहे, ओढली की बाहेर येते. समोरच्या सुताराचा भुसा तिच्यात अडकतो. दर रविवारी तू बाजारात काटे तपासायला गेलास, की ती जाळी काढून जुन्या टूथब्रशने झाडते. सात वर्षं झाली. टूथब्रश चमच्यांच्या खणात, उजव्या कोपऱ्यात आहे.

मग निघताना का नाही सांगितलंस, असं मी तिला म्हटलं. तर म्हणाली, त्या कागदात शेगडी होती, इस्त्री होती, माझं तोंड होतं. जाळी कुठेच नव्हती.

आता खिडकी लाव आणि काहीतरी गरम खा.

तुझी ताई


दि. २२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जाळी काढली. भुशाची गादी निघाली, वजन अकरा ग्रॅम. तापमान ८१ वरून ६८. वेग आणखी दोन पायऱ्या चढवला, तीन तास पूर्ण भार दिला, मशीनने हूं की चूं केलं नाही. चित्र एक तास सत्तेचाळीस मिनिटांत झालं. भिंतीवरचा कागद मी काढलाय.

चित्र छापून तुमच्याकडे पाठवणार होतो. त्याआधी शेगडी पेटवली आणि वीस दिवसांनी प्रथमच ओट्यापाशी उभा राहिलो, चित्र हातात घेऊन. चित्रातला ओटा अगदी बरोबर आहे. माझ्या कोपराला. मी सगळी उंची माझ्याच कोपरावरून धरली होती. तिला त्या ओट्यावर कांदा चिरायचा, तर स्टूल लागेल. तीन वर्षांत मी नळ मोजला, फरशी मोजली, भिंतीतले खिळे मोजले. तिला मोजायचं राहिलं.

तेव्हा एक काम कर. तिला सरळ उभी कर, पायात चप्पल नको. जमिनीपासून उजव्या कोपरापर्यंतची उंची तीनदा मोज आणि सरासरी उलट टपाली कळव. गवंड्याला मी सोमवारी बोलावलंय. चित्र पक्कं नसताना.

तुझा धाकटा भाऊ


दि. २६ मार्च

चि. मिलिमीटरास,
अ. उ. आ.

टेप घेऊन गेले, तर बाई उभीच राहीना. तुझ्या भावोजींनी पडदे मोजायचं निमित्त केलं, तेही फसलं. आपलं माप टपालाने जाणार नाही, असं तिने निक्षून सांगितलंय.

माप गुरुवारी दुपारच्या गाडीने स्वतः येतंय, पिशवी घेऊन. स्टँडवर वेळेवर जा. पुढे होऊन पिशवी घे. आणि दुर्बीण घरी ठेव.

तुझी ताई