आनंदाबाईंच्या गाण्यामागचं गाणं

नालवाडी, वर्धा
सोमवार, १० नोव्हेंबर

तीर्थस्वरूप आनंदाबाई काकूंना वर्षालीचा वाकून नमस्कार.

कापसाची वेचणी सुरू झाली असेल. गुडघा कसा आहे? उन्हात फार वेळ वाकू नका. हे पत्र मेघाच्या हाती पाठवते आहे, ती तुमच्या केळझरच्या शाळेत शिकवते. खरं तर मीच यायला हवं होतं, पण तुमच्यासमोर माझं तोंड उघडलं नसतं.

गेले दोन गुरुवार तुमची फर्माईश लागली नाही. तुम्ही फोन केलात, "बाई, माह्या अंकुशचं गाणं काऊन नाई लावलं?" मी म्हटलं, मशीन बिघडली. ते खोटं होतं. आमचा रेडिओ दुसऱ्या मोठ्या कंपनीत विलीन होतोय. दोन्ही गुरुवारी त्यांनी चाचणी म्हणून मुंबईहून तयार कार्यक्रम लावला. येत्या शनिवारपासून कायम तेच. गाणी संगणक निवडणार, देशभर एकच यादी. फर्माईश नाही, कुणाचं नाव नाही. इथला स्टुडिओ बंद.

माझी नोकरी जाईल, त्याचं मी बघेन. पत्र त्यासाठी नाही.

काकू, तुम्ही एकदा विचारलं होतं, "माह्या गाण्याच्या मागून दर खेपी जे गाणं लागते, ते कोणाचं?" मी म्हटलं होतं, असेल कुणीतरी दूरचा श्रोता.

तो अंकुश आहे.

पंधरा महिन्यांपूर्वी त्याचं पहिलं पत्र आलं. ट्रक चालवतो. आपला रेडिओ उपग्रहावरून कुठेही लागतो, म्हणून ढाब्यावर थांबून दर गुरुवारी तुमचं नाव ऐकतो. त्यानं लिहिलं होतं, "आईले सांगू नका. सांगितलं तर मी ऐकणं सोडून देईन." मी घाबरले आणि गप्प राहिले. तुमच्या गाण्यामागे त्यानं पत्रातून मागितलेलं गाणं लावत गेले. तुम्हा दोघांना जवळ आणून बसवते आहे, असं वाटायचं मला. कसलं जवळ!

अंकुशचे बाबा, पुंडलिककाका, अपघातात गेले त्या दिवशी मोटारसायकल अंकुश चालवत होता, आणि सगळ्यांदेखत तुम्ही त्याला म्हणालात, "तुह्यापायी गेले ते." हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. त्यानं लिहिलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तो का निघून गेला, तेही.

परवा, शनिवारी, त्याचं नवीन पत्र आलं. जसंच्या तसं उतरवते, कारण हे माझ्याजवळ ठेवायचा हक्क मला नाही:

"ताई, दोन गुरुवार आईचं नाव नाई आलं. ते गेली असन तर मले खरं सांगजा. ते नसन तर मलेही थांबाचं काई कारण नाई. ह्या गुरुवारी आखरीचं ऐकतो."

पाकिटावर पत्ता नाही. शिक्का पुसट, गुजरातचा वाटतो. फोन नंबर त्यानं कधीच दिला नाही. पोलिसांना सांगितलं. ते म्हणाले, "ट्रकचा नंबर आणा."

मग मी नव्या साहेबांकडे गेले. हात जोडले. ते वाईट माणूस नाहीत, पण म्हणाले, "मॅडम, गुरुवारी निरोपाचा अर्धा तास देतो. फक्त गाणी. कुणाचं नाव घेतलंत तर मुंबईतून आवाज तोडतील. माझ्या हातात काही नाही."

मी विचार केलाय. आवाज तोडायला त्यांनाही दहा-बारा सेकंद लागतील. तेवढे आपले.

गुरुवारी दुपारी एकच्या बसनं निघा. स्टँडवर मी उभी असेन. पाचला कार्यक्रम सुरू होईल. पहिला आवाज माझा नाही, तुमचा. मी नाव वाचलं तर तो म्हणेल, जुनं रेकॉर्डिंग असेल. तुमचा गळा त्याला ओळखू येईल. लांबलचक बोलू नका. रडू आलं तरी आधी बोला, मग रडा. काय बोलायचं ते मी सांगणार नाही. तो काय ऐकायला थांबलाय, ते तुम्हाला माहीत आहे.

तो नक्की ऐकत असेल, असं वचन मी देऊ शकत नाही. बस चुकवू नका एवढंच.

माझ्यावर रागवायचं असेल तर शुक्रवारी रागवा. हवं ते बोला, मी ऐकून घेईन. देव करो, तेव्हा आपण तिघं असू.

पंधरा महिने तुमचा मुलगा तुमच्यापासून लपवणारी,
वर्षाली