गॅरेजचं वाजतं शटर

बदलापूर गाव
१२ फेब्रुवारी २००६

चि. सुगत यास ताईचा सप्रेम जयभीम.

परवा चहा न घेताच उठून गेलास. सम्यकने बंगलोरहून पाठवलेला गॅरेजच्या सेक्शनल दरवाज्याचा रंगीत कागद टीपॉयवर दिसला आणि तुझं तोंड वाकडं झालं. मामा उल्हासनगरात शटरं बनवतो आणि भाचा कंपनीचा दरवाजा मागवतो, हे तुला लागणारच. पण बाबा, मला तुमच्या मानापमानापेक्षा दुसराच घोर लागलाय.

तुझ्यासमोर बोलले नाही, कारण कारखान्यात प्रेसखात्यातल्या मशीनच्या धडधडीने माझे कान गेल्यापासून माझ्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडलं की ह्यांना ऐकू जातं. म्हणून लिहिते. तुझे दाजी विसरायला लागलेत. गेल्या आठवड्यात कुळगावातून दूध आणतो म्हणून गाडी काढली, ती दिवेलागणीला परत. दूध नाही, काही नाही. रस्ता सापडेना म्हणाले आणि रडले रे! मी मागे स्वयंपाकघरात, गॅरेज अंगण ओलांडून पार फाटकापाशी. गाडी गेली कधी, मला पत्ता नाही.

चावी काढून घे म्हणशील. सारा जन्म कारखान्याची अ‍ॅम्ब्युलन्स चालवलेला माणूस, चावी घेतली तर उरेल काय? सम्यकला यातलं काही माहीत नाही. कळलं तर गाडी विकून बापाला उचलून बंगलोरला नेईल. गॅरेजचा जुना दरवाजा वाळवीने खाल्लाय, बदलायलाच हवा. कुठला लावू? धंदा बाजूला ठेवून सांग.

रागावलास तरी तुझीच,
ताई

उल्हासनगर, कॅम्प ४
१६ फेब्रुवारी २००६

ती. ताईस सुगतचा सविनय जयभीम.

पत्र दोनदा वाचलं. दाजींनी मला गाडी शिकवली, गिअर चुकला की टपली मारायचे. तेच रस्ता चुकतात हे डोक्यात शिरत नाही. रागाचं सोड, पुढच्या वेळी दोन कप चहा घेईन.

आता खरं सांगू? सम्यकचा दरवाजा भारी आहे. आडव्या फळ्या बिजागऱ्यांनी जोडलेल्या, वर जाऊन छताखाली पडून राहतात. रिमोट दाबला की काम खलास. लाइट गेली तर हाताने उघडतो. तुझं छत ठेंगणं आहे, पण तेही जमवता येईल. माझं शटर म्हणजे पत्र्याच्या पट्ट्या, चौकटीवर गुंडाळल्या जातात, आणि आवाज असा की शेजारचे सिंधी शेठ रोज सकाळी माझा उद्धार करतात.

पण त्या दरवाज्यात एक खोट आहे, ताई. तो वाजत नाही. दाजी बटण दाबून निघून जातील, गल्लीत कोणाला कळणार नाही. शटर उचललं तर समोरच्या भिमाबाईला झोपेतसुद्धा ऐकू जाईल. तिने धावत येऊन तुला सांगायचं. कान तिचे, पाय तुझे. मामाने धंदा साधला असं सम्यकला वाटलं तर वाटू दे. मी त्याला काही बोलणार नाही.

चहावरचा हक्क राखून,
सुगत

बदलापूर गाव
९ एप्रिल २००६

चि. सुगत यास ताईचे आशीर्वाद आणि जयभीम.

शटर बसलं. अरे, काय हा आवाज! चौकटीला हात लावला तर मलासुद्धा कळतो. भिमाबाई म्हणते तिची मांजर घर सोडून पळाली. शटर खडखडलं की ती पदर हलवत स्वयंपाकघराच्या दारात उभी. मी गॅस बंद करून धावते आणि ह्यांच्या शेजारी गाडीत जाऊन बसते. मी पोचेपर्यंत हे स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेले असतात. इंजिन गरम व्हायला हवं म्हणतात. मग मी डावीकडे, उजवीकडे करत दूध घेऊन परत आणते.

सम्यक रुसलाय. आईने घराचं गोडाऊन केलं, असं फोनवर ह्यांना म्हणाला. रुसू दे. पण भिमाबाई कधीमधी लग्नाकार्याला जातेच. तसा दिवस असला की मी फाटकापाशीच खुर्ची टाकून बसते.

मांजरीची भरपाई तूच द्यायचीस, हे विसरू नकोस.
ताई

बदलापूर गाव
४ ऑक्टोबर २००६

सुगत, जयभीम.

नागपूरहून परतलास की हे आधी वाच. दसऱ्याआधी नातेवाइकांची शटरं साफसूफ करून द्यायची, ही तुझ्या कारखान्याची रीत. दीक्षाभूमीला निघायच्या गडबडीत तुझ्या कारखान्यातल्या पोराला, नाथाला, सगळ्यांकडे पाठवलंस, माझं घर तेवढं वगळायला सांगायचं विसरलास! त्या बिचाऱ्याने मन लावून ग्रीस घातलं, खाचेत नायलॉनच्या पट्ट्या बसवल्या, आता लोण्यासारखं चालेल असं खुणेने सांगितलं. आणि मी मेलीने त्याला लाडू दिला. शटर मुकं झालंय हे मला बहिरीला कळणार कसं?

दुसऱ्या दिवशी भिमाबाई घरातच होती. तिला काही ऐकू आलं नाही. हे गेले. संध्याकाळी अंबरनाथला बुवापाड्यात सापडले, आपल्या जुन्या खोलीच्या दाराला ह्या शटरची किल्ली लावत होते. आतली बाई घाबरून ओरडली, लोक चोर समजून मारायला धावले. जुन्या ओळखीच्या जनूने अंगावर पडून वाचवलं. कपाळाला खोक पडलीय.

सम्यक विमानाने आला. आता त्याला सगळं कळलंय. गाडी विकायची, बाबांना न्यायचं, म्हणतो. उद्या-परवा गिऱ्हाईक येईल. हे नुसते गॅरेजकडे बघत बसतात. मला काही सुचत नाही रे.

तुझ्यावर चिडलेय. तरी लवकर ये.
ताई

बदलापूर गाव
९ ऑक्टोबर २००६

चि. सुगत यास रामभाऊचा सप्रेम जयभीम.

आज डोकं ताळ्यावर आहे तोवर लिहितो. ताईला येणारी तुझी पत्रं पोस्टमन माझ्याच हातात देतो. मी एकही फोडलं नाही. माझ्याविषयी आहेत एवढं कळतं. नाथाला रागावू नकोस, पोराने काम चोख केलं.

तुझ्या ताईला वाटतं मी इंजिन गरम करायला थांबायचो. मी तिची वाट बघायचो. ती शेजारी बसल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असं मनाशी ठरवलं होतं. सांगायची लाज वाटली. त्या दिवशीही थांबलो होतो. बराच वेळ थांबलो. कोणी आलं नाही. मग कशासाठी थांबलोय तेच विसरलो, आणि निघालो.

सम्यकला सांगितलं, मी बंगलोरला येत नाही आणि गाडी विकायची नाही. चालवणं मात्र मी सोडलं. भिमाबाईचा बाळा रिक्षा चालवतो, तो आमच्याच गाडीतून आम्हा दोघांना फिरवून आणेल. आलेल्या गिऱ्हाइकाला सम्यकनेच फाटकावरून परत पाठवलं. चाव्या तुझ्या ताईकडे दिल्या. एकदा देऊन परत मागून घेतल्या, मग दिल्या, खोटं कशाला सांगू.

पण सुगत, चालवायचं नाही हे मला आज कबूल आहे. उद्या आठवेल याचा भरवसा नाही, आणि घरात चाव्या कुठे ठेवतात ते माझ्या हातांना पाठ आहे. म्हणून नाथाला लवकर पाठव. सगळं ग्रीस पुसायला सांग, त्या पट्ट्या काढायला सांग. शटर वाजलं पाहिजे.

मला आठवतंय तोवर मी लिहीन, पुढे तू लिहीत जा.
तुझा दाजी,
रामभाऊ