डाव्या बाजूचा माइक

प्रिय ताई,

परवापासून फोन उचलत नाहीस, मेसेजला नुसता अंगठा दाखवतेस, म्हणून हा कागद तुझ्या दाराखालून सरकवतोय. आधी पुरता वाच, मग हवा तर फाड.

तुझ्या नाचाची फिल्म जवळजवळ जुळून आलीय. दोन्ही संध्याकाळी चित्रीकरण केलं ते बरंच झालं. पहिल्या दिवशी तुझी वेणी सुटली तिथे दुसऱ्या दिवशीचा तुकडा लावलाय, सांधा तुलाही सापडणार नाही. अडलंय फक्त शेवटच्या जलद भागात. निर्माते रोज विचारतात आणि मी रोज नवी थाप मारतो. तू दौऱ्यावर निघण्याआधी फिल्म हवीय, हे ठाऊक आहे मला.

त्या भागात तुझ्या डाव्या पावलाचा आवाज तालाच्या किंचित मागे येत होता. मला वाटलं, रंगमंचाच्या फळ्यांखालचा डाव्या बाजूचा माइक बिघडलाय. ध्वनिमुद्रकाला नको नको ते बोललो. तो माइक घेऊन थेट माझ्या दारात उभा राहिला. म्हणाला, तपास, नाहीतर माफी माग. माइक ठणठणीत निघाला. तरी मी हट्टानं तो आवाज पुढे ओढत बसलो. मग तू प्रेक्षकांकडे पाठ करतेस ती जागा आली. तिथे तुझं डावं पाऊल उजव्या माइकवर पडतं. आणि तिथे उजव्या माइकवरचा आवाज मागे पडला.

म्हणजे माइक नव्हे, तुझं पाऊलच मागे पडत होतं. मग एकेक आठवायला लागलं. पाय कसले बघताय, चेहरा घ्या, असं तू कॅमेरामनला दटावलं होतंस. शेवटची गिरकी डाव्या पायावरची होती, ती तू गुपचूप उजव्यावर आणलीस. वर, वादक घाई करतात म्हणून त्यांच्यावरच डाफरलीस. तुला माहीत होतं, ताई. आम्हाला कुणाला कळू द्यायचं नव्हतंस.

आईचं आठवतं ना? चालता चालता तिची डावी चप्पल मागे राहायची आणि मी धावत जाऊन आणायचो. ती म्हणायची, सैल झालीय. नवी आणली, तर तीही सैल. डॉक्टरांकडे नेलं तोवर तिला चपलांची गरजच उरली नव्हती.

फिल्म तुला हवी तशीच देतोय. त्या भागात फक्त तुझा चेहरा आहे, कुणाला काही कळायचं नाही. पायांचा तुकडा वेगळा ठेवलाय, तुझ्या परवानगीशिवाय कुणाला दाखवणार नाही. पण आईच्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलंय. त्या म्हणाल्या, दौऱ्याआधी घेऊन ये, लवकर कळलं तर पुष्कळ काही करता येतं. उद्या सकाळी गाडी घेऊन येतो. वाटेत हवं तेवढं भांड, पण दार उघड. मी फार घाबरलोय. परवा तुझ्याकडे आलो तेव्हा जिन्यात एक डावी चप्पल पडली होती, आणि तू वरून हसत ओरडलीस, सैल झालीय रे, येताना घेऊन ये.

तुझ्या चुका पुसणारा, पण ही न पुसणारा,
तुझाच
खोडरबर