मोठा जेट, लहान जेट

मंगळ. १८ नोव्हें.
सायलीची गाडी दिवसभर गॅरेजात. जुनी टू-स्ट्रोक, चिखलाचे टायर लावून पोरीनेच डर्टबाइक केलेली. रविवारी साताऱ्याकडच्या पठारावर रेस. पहिल्या तिनात आली तर पुण्याची टीम घेणार, मग रोह्याची कंपनी सोडणार म्हणते. पर्मनंट व्हायला आलेली पोरगी! डोकं सटकलं. जेवलो नाही.

बुध. १९
वर हवा विरळ. कार्बोरेटरला लहान जेट, म्हणजे बारीक भोकाची पितळी नळी, लावून पेट्रोल कमी करायचं, नाहीतर गाडी काळा धूर ओकते नि चढाला मरते. हे काम सायली डोळे झाकून माझ्यावर सोडते.
मोठाच राहू दिला. खाडीकाठच्या खारबांधावर फिरवून दाखवली, इथे काय, सुसाट. खूश झाली. हरली की येईल जाग्यावर. लहान जेट गुपचूप तिच्या टूलकिटमध्ये टाकला. का टाकला, ते...

शनि. २२
टेंपोतून गाडी वर पोचली. प्रॅक्टिसला गुदमरतेय. स्पार्क प्लगचा फोटो आला, बायकोने, मंदाने आधी पाहिला. हमरापूरला मूर्ती रंगवते ती, सध्या माघी गणपतींची घाई. गॅरेजातले प्लगही तिलाच दाखवतो, रंगावरून पेट्रोल जास्त की कमी ते बरोबर सांगते.
"ह्यो काजळासारखा काळा हाय. तुमी जेट बदललाच नाय." मी फोटो बंद केला. "पोरीला पाडायला निघालात व्हय?"
सायलीला फोन केला, टूलकिटमधला लहान घाल म्हटलं. मग हा मोठा कसा, तिने विचारलं. तोंडातून निघून गेलं, "चुकून राहिला गो. खराब हाय तो." मंदा उठून आत गेली.

रवि. २३
दुसरी आली! फोनवर रडत होती, सगळं बाबांमुळे म्हणे. लाज वाटली. आनंदही झाला, खोटं का बोलू.
आता खाली लहान जेट चालायचा नाही. इथल्या हवेला पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापून पिस्टन धरतो, मागचं चाक जागीच अडकतं. पण येणार टेंपोतूनच. घरी आली की बदलू, तेव्हाच काय ते सांगू. मंदा म्हणते आत्ता सांगा. उद्या बघू.

सोम. २४, कोलाड नाका
टेंपोवाला परस्पर पुण्याला गेला. दुपारची शिफ्ट गाठायची म्हणून सायली गाडी चालवतच निघाली. पोलादपूरहून मेसेज: घाट उतरले, आता सरळ हायवे, दाबते.
थांब, मोठा जेट घाल, लिहिलं. उत्तर आलं: तो खराब होता ना? वरच फेकला.
मग सगळं लिहिलं. जेट मुद्दाम ठेवलेला, खराब नव्हता, गाडी बाजूला लाव, तू हरावीस म्हणून केलं. पोचलं, पण वाचलं नाही. फोन उचलेना. दुसरा जेट खिशात टाकून मंदाला मागे घेतलं नि इथवर आलो. रोह्याला वळायचं तर याच नाक्यावरून येणार. मंदा रस्त्यावरची नजर काढत नाही. मला नुसतं बघत बसवत नाही, म्हणून हे लिहितोय.

आत्ता निळी टिक आली. म्हणजे थांबली, धड आहे. मंदाने हात जोडले.
फोन केला. कापला तिने. परत केला. परत कापला.