बागेच्या पडद्याचे रंग

ता. ९ मार्च १९३४
तात्यांनी बागेचा पडदा माझ्यावर सोपवला. मांडवीच्या मंडळींचं नाटक उत्सवात, हातात बारा दिवस. आजवर इथले सगळे पडदे तात्यांच्या हातचे. मुंबईत तीन वर्षं चित्रकला शिकलो, ते आता वडिलांना दाखवायला हवं. उत्सव झाला की परत मुंबईला, नोकरीवर.
तात्यांचे रंग म्हणजे निळंभडक आभाळ, हिंगुळी फुलं, वर मोरपंखी! मी चारच घेणार : राखी, फिका जांभळा, सायीसारखा पिवळा, शेवाळी. एकमेकांना सांभाळून घेणारे.
तात्यांना कागदावर नमुना दाखवला. "तुज्या मनाला येल तसं कर." बस्स. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ता. १३
आभाळ, कारंजं झालं. पडदा टांगलाय त्या वखारीच्या दारातून ऊन येतं तेव्हा सुरेख दिसतं. तात्या मागे बसून विडी ओढतात. बोला की काहीतरी!

ता. १५
फजिती. नाटकवाल्यांचे रावजीशेठ गॅसबत्ती घेऊन आले. भर दुपारी दारं लावून पेटवली. पिवळा गेला, नुसतं पांढरंफटक. जांभळ्याचा चिखल. "काय आर्टिस्ट, ही बाग का मसणवट?"
पडदा दिसणार रात्री बत्तीत, आणि मी रंग जमवले उन्हात. तात्या जन्मभर दारं लावून, बत्तीखाली रंग कालवत आले. लहानपणापासून बघतोय, का म्हणून कधी विचारलं नाही.
पण ते मागे बसून गप्प राहिले, हे झोंबलं. म्हणालो, "मुद्दाम तोंडघशी पाडलंत."

ता. १६
तात्या आपणहून आले. "आभाळ मी धरतो." मी सकाळीच त्यांच्या रंगाच्या करवंट्या धुऊन, रंग कालवून, फिक्याकडून गडदाकडे अशा मांडून ठेवल्या होत्या. बत्ती लावली. तात्यांनी डावीकडची पहिली करवंटी उचलली आणि आभाळात फिका हिरवा ओढला. चांगला हातभर.
"तात्या, हिरवा…"
कुंचला तसाच धरलेला. मग हळूच, "निळाच हाय ना?"
घरी आईला विचारलं. तिनं आधी चूल सारखी केली. "दोन वर्सं झाली, रंग वळकू येत न्हाईत त्यास्नी. करवंट्या मीच लावून देते, डावीकडं पयला निळा. कुनाला बोलू नको हां."
म्हणजे माझा नमुनाही त्यांना… आणि मी काय बोलून बसलो! लाज वाटते. त्यांच्यासमोर जेवायलाही बसवलं नाही.

ता. १९
करवंट्या आईच्या क्रमाने. तात्या आभाळ भरतात, मी मागून कडा सांधतो. त्यांचा निळा, त्यात माझा राखी थोडासा. बत्तीत खरंच जुळतो. ना त्यांना एकट्याला सुचला असता ना मला. माफी अजून मागितलेली नाही. जमत नाही.

ता. २१
काल रात्री नाटक पार पडलं. बाग उघडली तेव्हा टाळ्या. आज सकाळी राजापूरची मंडळी घरी आली, त्यांना सहा पडदे हवेत, तात्यांच्याच हातचे. मी दाराशी उभा. तात्या म्हणाले, "करू की." इतक्या झटकन, की आई आतून बाहेर आली.
मंडळी गेल्यावर मला म्हणाले, "तू हायस ना?"
बोट उद्या सकाळची. ट्रंक भरलेली आहे. जायचं की राहायचं, अजून ठरत नाही.