हिरव्या अंजनाचा डाख

मी सेनेबतिसी, सोनार अंखू यांची मुलगी, सेन्बी यांची पत्नी, वय चोवीस, राहणार हेतेप-सेनुस्रेत. मला नववा महिना चालू आहे. पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लेखनिक रेनसेनेब यांच्याकडून लिहवून घेत आहे. बाळंतपणात बायका दगावतात. माझी आई त्यातच गेली. मी जगले तर हा कागद पेटीत राहील.

१. घरातील माझा हिस्सा पतीला, गच्चीवरच्या कबुतरांसह. ती हाकलणे मला जमले नाही.

२. तांब्याचा आरसा सासूबाईंना. त्या तो न विचारता नेतातच.

३. सोन्याचा छोटा मासा, बुडण्यापासून राखणारा ताईत, होणाऱ्या बाळाला. तो वेणीत बांधावा, नदीवर जाताना काढू नये. कडी मी दोनदा बदलली आहे, तुटणार नाही.

४. फुंकणी, मुशी, तीन चिमटे आणि भट्टीवरची, वडिलांकडून मला आलेली जागा नणंद तेती हिला. तिला मी पाच वर्षे शिकवले आहे. काका इमेनी यांनी हरकत घेतल्याने कारण नोंदवते.

वडील गेल्यावर भट्टी काकांच्या हाती आली. दागिन्यावर सोन्याचे बारीक रवे जोडण्याचा लेप, म्हणजे डाख, कालवताना ते मला बाहेर काढत. "पोरीचा श्वास फुंकणीला पुरत नाही. तू मणी ओव." मी चार वर्षे मणी ओवले. एके सकाळी अंजन घातलेले बोट न धुता रवे उचलले. ते सोन्याच्या पत्र्याला चिकटले, म्हणून तसेच विस्तवात धरले. सतरा रवे पक्के बसले. तेव्हा कळले, काकांचा लेप म्हणजे हिरवा दगड आणि डिंक. तेच आम्हा बायकांचे रोजचे अंजन. मी अकरा वेळा पडताळले. दगड वस्त्रगाळ हवा, डिंक पातळ, फुंकर मंद.

या कलमावर हरकत घेताना काका पंचांपुढे म्हणाले, "विद्या घराण्याची आहे. परक्या पोरीला मिळणार नाही."

मी म्हणाले, "काका, घराण्यानं मला दाराबाहेर बसवलं. अंजन माझं होतं."

पंचांनी ठरवले, तेतीने सर्वांसमोर ताईत घडवावा, काकांनी तपासावा. एक रवा जरी सुटला तरी कलम चार रद्द.

आज सकाळी तेतीने चाळीस रवे बसवले. काकांनी नख लावले, मग चिमट्याने ओढले.

"अजून जोर लावा की, काका," तेती म्हणाली. "मी धरते घट्ट."

काकांनी ताईत उन्हात फिरवला. "अगं, डाख दिसतच नाही. लावलायस कुठं?"

हे लिहायचे का, असे लेखनिकांनी विचारले. शब्दन् शब्द लिहा, असे मी सांगितले.

एकही रवा सुटला नाही. कलम चार कायम. जी कोणी मागेल तिला तेतीने ही विद्या शिकवावी.

स्थळ: हेतेप-सेनुस्रेत. राजाचे सातवे वर्ष, पुराच्या ऋतूचा दुसरा महिना, दिवस अठरावा.

सेनेबतिसी, माझ्या हातची खूण.

साक्षीदार:
रेनसेनेब, लेखनिक.
सेन्बी, पती. वाचून ऐकवले, मान्य.
इमेनी, सोनार. स्वतः तपासले. हरकत मागे घेतली. तेतीने उद्या उजाडताच भट्टीवर हजर व्हावे.